आप्पांची सही

आमच्या घरात अंगठा द्यायला बंदी होती. दुसरी कसली बंदी म्हणाल तर फारशी नव्हती. पोरींनी विहिरीत पोहावं, चिंचेवर चढावं, कुणी काही म्हणायचं नाही. पण पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला आणि आजीनं सवयीनं अंगठा पुढं केला, की आई तिचा हात धरून मागं घ्यायची. "सही करा. त्यांना कळलं तर सुट्टीत आल्यावर बोलतील." मग आजी ओसरीवर मांडी घालून बसायची, पदर खोचायची आणि कुस्तीला उतरल्यासारखं पेन धरून चार अक्षरं काढायची. त्यातलं एक कायम उलटं. पोस्टमन बिचारा तोवर चहा पिऊन घ्यायचा.

'त्यांना' म्हणजे आमच्या आप्पांना. आप्पा मिलिटरीत होते. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, जंगी पलटण. ती १७६८ साली मुंबईत उभी राहिली हे आप्पा अशा थाटात सांगायचे, की जणू पाया खणायला स्वतः हजर होते. १९६४ ला बेळगावला भरती झाले तेव्हा शाळा चौथीपर्यंत झालेली. पुढचं शिक्षण पलटणीत. तिथं बढती हवी तर थर्ड क्लास, सेकंड क्लास अशा परीक्षा द्याव्या लागत, नकाशा वाचता यावा लागे. आप्पा दिवसा कवायत करायचे आणि रात्री कंदिलाशी बसून अक्षरं गिरवायचे. म्हणून असेल, लिहिता येण्याची त्यांना जी किंमत होती ती शाळेत सुखानं शिकलेल्या माणसाला नसते.

आमच्या कोरेगावच्या भागात, एकूणच साताऱ्यात, पोरगा मिलिटरीत जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आपशिंगे मिलिटरी हे गाव सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांच्या नावाचा दगड तिथं आहे. आमच्या गावाला असा दगड नाही. पण चार घरांमागं एका घरात काळी लोखंडी ट्रंक आहे, पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर घातलेली. आमचीही होती. वर्षातले दोन महिने ती ओसरीवर यायची आणि तिच्याबरोबर आप्पा यायचे. ट्रंक उघडली की बूटपॉलिश, डांबरगोळ्या आणि कँटीनच्या साबणाचा मिळून एक वास यायचा. लहानपणी आप्पांचा वास म्हणजे मला तोच वाटायचा. बाकीचे दहा महिने ते '५६ एपीओ' इथं असायचे. आजीला शेवटपर्यंत ते एखाद्या गावाचं नाव वाटत होतं. ती बायकांना सांगायची, "छप्पन येपीओला लई थंडी असती म्हणं."

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिठोरी असायची, दोन ओळी लिहिण्यापुरती. आप्पांच्या त्या दोन ओळी ठरलेल्या. घेवडा काढला का, म्हशीचं काय, पोरीला शाळेत पाठवा. आणि शेवटी, जागा उरली असेल तर, 'अंगठा नको'.

ही बंदी आली कुठून ते सांगायचं तर वसना नदीच्या पल्याड जावं लागेल. तिथल्या गावचा एक जण आप्पांबरोबरच भरती झाला होता. एकाच दिवशी, एकाच रांगेत. पुढं एकाच कंपनीत. डिसेंबर १९७१ मध्ये तो जमालपूरला पडला. त्याची बायको तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. पोरबाळ नाही. आम्ही पोरं तिला 'पल्याडची आत्या' म्हणायचो. आत्या हे नातं रक्ताचं नाही, हे मला बऱ्याच उशिरा समजलं, आणि समजल्यावर काही फरक पडला नाही.

जमालपूरचं आप्पांनी आम्हांला काही सांगितलं नव्हतं. जे कळलं ते मी मोठेपणी वाचून. ९५ माउंटन ब्रिगेड मेघालयातल्या तुऱ्याच्या बाजूनं खाली उतरली. ४ डिसेंबरला सरहद्दीवरचं कमालपूरचं ठाणं पडलं. पुढं जमालपूर, जुन्या ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठावर, आणि तिथं ३१ बलूच ही पाकिस्तानची पलटण भक्कम मोर्चे बांधून बसलेली. जंगी पलटण नदी ओलांडून गावाच्या पाठीमागं गेली आणि टांगाईलकडं जाणाऱ्या रस्त्यावर खंदक खणून बसली. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी समोरच्या कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं ते कागदात गुंडाळलेल्या बंदुकीच्या गोळीसकट. १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण गावातून बाहेर पडून त्याच रस्त्यानं निघाली आणि मराठ्यांच्या खंदकांवर येऊन आदळली. रात्रभर लढाई झाली. ११ तारखेला जमालपूर पडलं. त्याच दिवशी दुपारी टांगाईलजवळ दुसरी पॅरा पलटण छत्र्यांनी उतरली, तीही मुळातली मराठ्यांचीच. आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती. पुस्तकात हे सगळं दीड पानात मावतं. त्या दीड पानात आप्पा कुठं उभे होते ते मी शोधत बसायचे.

१९७२ च्या उन्हाळ्यात आप्पा सुट्टीवर आले तेव्हा गावानं वेशीपासून मिरवणूक काढली. हलगी, लेझीम, गुलाल. आई सांगते, आप्पा मान खाली घालून चालत होते आणि नदीपल्याडच्या गावची वाट जिथं फुटते तिथं मिरवणूक सोडून सरळ तिकडं निघून गेले. हलगीवाले वाजवतच राहिले.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. बहात्तरचा दुष्काळ. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी जन्मायच्या आधीची गोष्ट, म्हणून आईनं सांगितलं तेवढंच सांगते. पुढच्या सुट्टीला आप्पा आले तेव्हा घराला कडी होती. आई आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या. पाझर तलावाचं काम होतं. युद्ध जिंकून आलेल्या शिपायाची बायको दगड फोडतेय, हातभर फोड आलेत, आणि दुपारी सुकडी खाऊन पुन्हा दगड. आप्पांनी ट्रंक तशीच दारात ठेवली, कामावर गेले, आईच्या हातातला हातोडा घेतला आणि तिच्या जागी बसले. मुकादम म्हणाला, "हवालदार, तुमचं नाव मस्टरला घेता येत नाही." तेव्हा ते हवालदार नव्हते, पण मिलिटरीतला प्रत्येक माणूस गावाला हवालदारच. आप्पा म्हणाले, "नका घेऊ. तिचं आहे ना, पुरे." सुट्टीतले कितीतरी दिवस त्यांनी असे खडी फोडण्यात घालवले.

तिथंच पगाराच्या दिवशी त्यांना आत्या दिसली. रांगेत उभी. पुढं सरकत सरकत आली, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, मस्टरवर उठवला, पैसे पदरात बांधले. आप्पा उठून तिच्याकडं गेले.

"बाई, तू इथं कशी? तुला पेन्शन मिळत नाही का?"

"मिळती म्हणं," आत्या म्हणाली.

हे 'म्हणं' आप्पांच्या डोक्यातून आयुष्यभर गेलं नाही. पेन्शन मंजूर झाली होती. युद्धात पडलेल्या जवानाच्या बायकोला मिळते ती. साताऱ्याच्या ट्रेझरीत तिला घरचं माणूस घेऊन जायचं, ती अंगठा द्यायची आणि पैसे त्या माणसाच्या खिशात जायचे. तिला किती आले हे ठाऊक नव्हतं, किती यायला हवेत हेही ठाऊक नव्हतं. अजून दोन-तीन कागदांवर अंगठे झाले होते, ते कसले होते हे तर तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. नवऱ्याच्या वाटणीच्या रानाचं नाव पुढं सातबाऱ्यावर कधी दिसलं नाही, एवढं खरं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आप्पांनी तिला लिहायला शिकवायला घेतलं. पाटी नव्हती. एक काळा फत्तर आणि चुन्याचा खडा. आधी तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. बाकीच्या बाया हसायच्या, नंतर त्यातल्या चौघी-पाचजणी जवळ येऊन बसायला लागल्या. आमची आजी त्यातलीच एक. तिचं ते उलटं अक्षर तिथलंच. आप्पांची सुट्टी संपायच्या आधीच्या पगाराला आत्यानं मस्टरवर सही केली. मुकादमानं सही बघितली, आत्याकडं बघितलं आणि शाईचं पॅड झाकून ठेवलं. हे आई सांगते तेव्हा ते पॅड झाकायची कृती हातानं करून दाखवते.

मग साताऱ्याला जाऊन आप्पांनी अर्ज दिला, साहेबानं नमुना सही घेतली. ज्यांच्या हातून आजवर पैसे येत होते त्यांच्याशी आप्पा भांडले नाहीत. त्यांच्या घरी जाऊन चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, "पुढल्या महिन्यापासून ती स्वतः जाईल. बरोबर कुणी नको." लोक म्हणाले, इतकं सोपं सोडायला नको होतं. मलाही कधीकधी तसं वाटतं. पण तिला त्याच घरात राहायचं होतं, आणि आप्पांना पंधरा दिवसांत परत '५६ एपीओ'ला जायचं होतं. लांब राहणाऱ्या माणसाला भांडण परवडत नाही, हे मिलिटरीवाल्यांच्या बायकांना चांगलं माहीत असतं.

आत्या दर भाऊबीजेला नदी ओलांडून यायची. आप्पा घरी असले तर त्यांना ओवाळायची, नसले तर त्यांच्या फोटोला. येताना एक पितळी डबा घेऊन यायची, शंकरपाळ्यांनी भरलेला. तिच्या शंकरपाळ्या खुसखुशीत असायच्या, गुळाच्या, आम्ही पोरं तुटून पडायचो. आप्पा मात्र एकही तोंडात घालायचे नाहीत. आधी म्हणायचे गोड आवडत नाही. आवडत तर होतं, बासुंदीचं पातेलं ते चाटून पुसून ठेवायचे. पुढं दाताचं निमित्त झालं.

१९८३ ला आप्पा हवालदार म्हणून पेन्शनवर आले. मी तेव्हा नऊ वर्षांची. दोन महिन्यांचा पाहुणा बारा महिन्यांचा झाला. पहाटे उठून रेडिओ लावणार, अंथरुणाची घडी अशी करणार की कोपऱ्याला कोपरा, आणि मग दिवसभर रानात. कोरेगावचा वाघ्या घेवडा आता नावाजलाय, भौगोलिक मानांकन मिळालंय. तेव्हा आमच्यासाठी तो पावसाच्या भरवशावरचा जुगार होता. विहीर होती पण उन्हाळ्यात तळ दाखवायची. आप्पांचा फंड आला तो पोस्टात ठेवलेला. चुलत्यांचं म्हणणं, विहीर खोल करून घेऊ, पाणी लागलं की बागायत. म्हणणं चुकीचं नव्हतं.

१९९० ला मी दहावी झाले. रयतच्या शाळेत, पहिल्या वर्गात. निकालाच्या आठवड्यातच एक स्थळ आलं. पोरगा धडधाकट, घरचा ट्रॅक्टर. चुलते खूश, आजी खूश. आप्पा म्हणाले, "तिला विचारा." माझ्या माहितीत आमच्या भावकीत तोवर कुणी पोरीला विचारलं नव्हतं. मी म्हणाले, साताऱ्याला कॉलेजला जायचंय. ओसरीवर एकदम शांत झालं. मग चुलत्यांनी हिशेब मांडला. हॉस्टेल, पुस्तकं, कपडे, एसटी, पाच वर्षं. तेवढ्यात विहीर बांधून होते, वर मोटार बसते. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"विहीर पाच वर्षांनी खोदली तरी विहीरच राहील," ते म्हणाले. "ही पाच वर्षांनी कॉलेजला जाईल काय?"

विहीर खोल केली ती १९९६ ला. मधल्या वर्षांत दोनदा घेवडा फुलोऱ्यात जळाला. मी सुट्टीत घरी यायचे तेव्हा आई डोक्यावरून पाणी आणताना दिसायची. कुणी मला बोलून दाखवलं नाही, चुलत्यांनीसुद्धा. माझी बी. कॉम.ची डिग्री म्हणजे आमच्या घरानं न खोदलेली विहीर आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. डिग्रीचा कागद मी बघते तेव्हा मला त्यावर युनिव्हर्सिटीचा शिक्का दिसतच नाही, आईची चुंबळ दिसते.

बँकेच्या भरतीची बी.एस.आर.बी.ची परीक्षा पुण्यात होती. आप्पा बरोबर आले. मी आत गेले तेव्हा ते फाटकासमोरच्या झाडाखाली उभे होते, बाहेर आले तेव्हाही तिथंच उभे. बाकीचे बाप बसले होते, कुणी चहाला गेले होते. मी म्हटलं, "आप्पा, बसायचं तरी होतं." तर म्हणाले, "ड्युटीवर बसत न्हाईत." पिशवीतली भाकरी त्यांनी सोडलेली नव्हती. मग दोघांनी एसटी स्टँडवर खाल्ली.

१९९७ ला नोकरी लागली. पहिल्या पगाराची बातमी सांगितली तर आप्पांचा पहिला प्रश्न, "तुमच्या बँकेत अंगठेवाले किती?" पुष्कळ होते. बँकेत अंगठ्याचाही एक नियम असतो. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा. ओळखीच्या साक्षीदाराची सही लागते, आणि पैसे काढायला माणूस स्वतः समोर उभा पाहिजे. नियम चांगला आहे. पण काउंटरच्या या बाजूला बसल्यावर दिसतं, की समोर अंगठा देणारी म्हातारी उभी असते आणि तिच्या मागं, खांद्यापलीकडं, पैसे मोजून घेणारा हात. अशा वेळी मी रक्कम मोठ्यानं उच्चारते, तीही दोनदा आणि तिच्या तोंडाकडं बघून. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही.

काही वर्षांनी माझी बदली आमच्या तालुक्याच्या शाखेत झाली आणि मला आप्पांचा नोव्हेंबर बघायला मिळाला. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत आहोत म्हणून. नाही दिला तर पेन्शन थांबते. आमच्या पंचक्रोशीतले म्हातारे फौजी आणि फौजींच्या विधवा, सगळ्यांना आप्पा गोळा करून आणायचे. आदल्या दिवशी वडाप सांगून ठेवायची, सकाळी आठला निघायचं. जीपमध्ये पुढं तीन, मधे पाच, मागं मावतील तेवढे. आप्पांच्या हातात एक लांब वही. प्रत्येकाचं नाव, पेन्शनच्या कागदाचा नंबर, खाते नंबर, बायकोचं नाव आणि त्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग. सगळा घोळ त्या स्पेलिंगमध्ये असतो. डिस्चार्ज बुकात एक, बँकेत दुसरं, आधारवर तिसरं. माणूस तोच, पण कागद म्हणतो तीन माणसं आहेत. जन्मतारखेचं तर विचारू नका. आमच्याकडं निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला असतो, शाळामास्तरांच्या कृपेनं. एका वहिनींच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त व्हायला अलाहाबादच्या पेन्शन ऑफिसशी आप्पांनी दोन वर्षं पत्रं लिहिली. रजिस्टर पोस्टाच्या पावत्या वहीत पिनेनं टोचलेल्या. ते काम झालं त्या दिवशी वहिनींनी त्यांना दोन कोंबडीची अंडी आणून दिली आणि आप्पांनी ती घेतली. नको म्हणाले नाहीत. "नको म्हटलं तर तिला उपकार वाटंल," असं मला नंतर म्हणाले.

पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल घरात कुठं आहेत ते आप्पांना विचारलं तर आठवावं लागतं. वही कुठं आहे ते अंधारात सांगतील.

२०१४ नंतर डिजिटल दाखला आला. छोट्या मशिनवर बोट ठेवायचं, फॉर्म नाही, सही नाही. मी आप्पांना पहिल्यांदा मशीन दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. "चाळीस वर्षं लोकांचा अंगठा सोडवत आलो, आणि आता सरकारच अंगठा मागतंय व्हय?" शाखेत सगळे हसले. त्यात मशीनवर त्यांचा अंगठा उठेना. डावा नाही, उजवा नाही. खुरपं आणि दोरी धरून रेषाच राहिल्या नव्हत्या. आप्पांना याचा इतका आनंद झाला की काय सांगू. कॅश काउंटरपर्यंत जाऊन सांगून आले, माझा अंगठा येत नाही म्हणून. शेवटी जुना फॉर्म काढला, त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. मी साक्षांकित केली. पुढं डोळ्यांवरून दाखला घ्यायची सोय आली, मग 'स्पर्श' आलं, मोबाइलवर नंबर येतात. आप्पा ते सगळं शिकले. म्हणजे मी शिकवलं आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.

२०१६ च्या भाऊबीजेला आत्या आली ती पुतण्याच्या मोटारसायकलवरून. गुडघे गेले होते. ओवाळून झालं, आप्पांनी ताटात साडी ठेवली, तिनं डबा उघडून समोर ठेवला. मी, आई आणि ती दोघं. आत्या म्हणाली, "दादा, एक इचारू का? रागावू नगासा."

"विचार की."

"शेवटाला ह्यांनी काय खाल्लं हुतं? उपाशी तर न्हाई ना गेलं?"

पंचेचाळीस वर्षं तिनं हे मनात ठेवलं होतं. लढाई कशी झाली, गोळी कुठं लागली, यातलं काही तिनं कधी विचारलं नाही. आप्पा भिंतीकडं बघत होते. मला वाटलं टाळतील.

"शक्करपारे," आप्पा म्हणाले. "शंकरपाळ्याच त्या. पलटण पुढं जाताना पिशवीत देतात, टिकतात म्हणून. चार दिवस गरम जेवण नव्हतं. माझे संपले होते. त्याला पुरवून खायची सवय. त्या रात्री त्यानं चार खाल्ले, मला चार दिले आणि पिशवी बांधून ठेवली. म्हणाला, उरलेले सकाळी चाबरोबर खाऊ." मग थोडे थांबले. "पहाटेच्या आधी लागलं त्याला. वेळ गेला नाही. हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. सकाळी चा काही आला नाही. पिशवी माझ्याजवळच राहिली होती. दुपारी मी खाल्ले ते. लई भूक लागली होती, बाई."

आई उठून चुलीकडं गेली. उगाच गेली, चुलीवर काही नव्हतं.

आत्यानं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. तिनं डब्याकडं बघितलं आणि मग आप्पांकडं.

"म्हून माझ्या डब्यातलं खात न्हाई व्हय तुमी? मला वाटायचं पाक चुकतोय."

आप्पा काही बोलले नाहीत.

"तवा खाल्लं ते ब्येस केलं," ती म्हणाली. "तुमी न्हाई खाल्लं तर मुंग्यांनी खाल्लं असतं. तुमीच खाल्लं न्हवं." आणि डबा पुढं सरकवला. "आता च्या ठेवा गं कुणीतरी."

चहा मी ठेवला. बाहेर आले तेव्हा आप्पांच्या हातात शंकरपाळी होती, चहात बुडवलेली. बुडवून बराच वेळ धरली असावी, कारण अर्धी आत पडली. ती त्यांनी बोटानं काढून खाल्ली. मग दुसरी घेतली. आत्या त्यांना गावातल्या कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होती आणि ते हं, हं करत होते.

आत्या गेली त्याला चार वर्षं झाली. शेवटची दोन वर्षं तिला पुतण्यानं सांभाळलं. ज्या घरात तिचे अंगठे घेतले गेले त्याच घरातला हा पोरगा. त्यानं तिचं सगळं केलं, अंघोळीपासून. त्याच्या बापाबद्दल तिच्या तोंडून त्याला कधी काही कळलं नसावं, आणि आप्पांकडून तर नाहीच.

सावडण्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा बँकेत आले, तिच्या मृत्यूची लेखी खबर द्यायला. मी म्हटलं, "आप्पा, दाखला मिळाला की दहाव्यानंतर आणा, एवढी घाई नाही." तर म्हणाले, "एक तारीख जवळ आलीय. तिच्या नावावर एक रुपया जास्त पडता कामा न्हाई." अर्ज त्यांनी घरूनच लिहून आणला होता. खाली पुतण्याची सही आणि साक्षीदार म्हणून आप्पांची. हात आता कापतो, त्यामुळं आडनावाची शेवटची रेघ थोडी खाली उतरते. नमुना सहीशी जुळवून बघायचं माझं काम, मी ते केलं. मग त्यांनी वही उघडली आणि तिच्या नावासमोर तारीख घातली.

आप्पा ऐंशीच्या घरात आलेत. आता वही माझ्याकडं असते, पण पेन त्यांच्याच खिशात. या नोव्हेंबरात यादीत सात जण आहेत, आप्पा धरून. दोघांची नावं आधारवर चुकलेली आहेत, एकीचा मोबाइल नंबर बदललाय. मंगळवारची वडाप सांगून ठेवली आहे, सकाळी आठची.